लक्ष्मणराव किर्लोस्कर : मास्तरकीतून कारखानदारीकडे

नोकरी सांभाळून भावाच्या साथीने सायकलींचा जोडधंदा उभा करणाऱ्या आणि पुढे त्याच बळावर नोकरीचा राजीनामा देणाऱ्या एका मराठी उद्योगपतीची जीवनकथा

लातूर - महिन्याच्या पहिल्या तारखेला हाती पडणारा पगार हीच आयुष्याची खरी बेगमी, असे मानणारा वर्ग महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आला आहे. मराठवाड्यातही चित्र वेगळे नाही. पावसाच्या भरवशावरची शेती आणि तिच्या जोडीला घरातील एकाची तरी नोकरी, ही येथील असंख्य कुटुंबांची आर्थिक घडी आहे. तरीही लातूर, उदगीर, अहमदपूर किंवा नांदेड येथे नोकरी करता करता जोडधंदा उभारण्याचा विचार करणारे तरुण कमी नाहीत. कोणाच्या मनात दुधाचा धंदा असतो, कोणाच्या शिकवण्या, तर कोणाच्या मनात यंत्रदुरुस्तीचे दुकान. नोकरी कधी सोडायची, सोडायची की नाही आणि सोडल्यावर पाय कोठे टेकायचे, हे प्रश्न मात्र सर्वांनाच छळतात. सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी हेच प्रश्न मुंबईतील एका तंत्रशाळेच्या मास्तरापुढे उभे राहिले होते. त्या मास्तराचे नाव लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर. पुढे लोखंडी नांगर, मोटारपंप आणि इंजिने यांच्यामुळे हे आडनाव खेड्यापाड्यांतील शेतकऱ्यांच्या तोंडी बसले. तथापि, या उद्योगाचा आरंभ नोकरीच्या आधाराने चाललेल्या एका लहानशा सायकलच्या व्यवसायातून झाला, हे अनेकांच्या स्मरणात नसते.

रंग चुकले, रेषा मात्र सापडली

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. हा भाग आज कर्नाटकात असला, तरी त्या काळी तो मुंबई इलाख्यात मोडत असे. वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे अभ्यासक. घरात विद्येचे वातावरण होते; परंतु धाकट्या लक्ष्मणाचे मन शालेय पुस्तकांत रमत नसे. त्याला दोनच गोष्टींचे वेड होते. एक चित्रकला आणि दुसरे यंत्र. त्या काळच्या सुशिक्षित कुटुंबाच्या दृष्टीने या दोन्हींतून पोट भरण्याची शक्यता नव्हती. साहजिकच वडिलांची नाराजी होती. अशा वेळी थोरले बंधू रामचंद्रपंत, म्हणजेच रामूअण्णा, धाकट्या भावाच्या पाठीशी उभे राहिले. त्यांनी खर्चाचा भार उचलला आणि १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

तेथे दोन वर्षे गेल्यावर एक अनपेक्षित अडथळा उभा राहिला. काही रंगच्छटांतील भेद लक्ष्मणरावांच्या डोळ्यांना नीट कळत नव्हता. रंगांधत्व हे चित्रकाराच्या दृष्टीने न सुटणारे कोडे. ज्या ध्येयासाठी वडिलांचा रोष पत्करला, ते ध्येयच हातचे गेले. मात्र, या दोन वर्षांत आणखी एक विद्या त्यांच्या हाती लागली होती. यांत्रिक आरेखनात रंगाचे काम पडत नाही. तेथे रेषा, माप आणि प्रमाण यांचे राज्य असते. लक्ष्मणरावांनी तीच वाट धरली. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट ही संस्था १८८७ मध्ये मुंबईत स्थापन झाली होती. आज वीरमाता जिजाबाई तंत्रशिक्षण संस्था म्हणून ती ओळखली जाते. या संस्थेत यांत्रिक आरेखनाचे शिक्षक म्हणून त्यांना नोकरी मिळाली.

त्या काळात मुंबईतील अशी नोकरी ही मानाची गोष्ट होती. दुसरा एखादा तरुण तेवढ्यावर समाधानी राहिला असता. लक्ष्मणरावांनी या नोकरीकडे आणखी एका दृष्टीने पाहिले. संस्थेत कार्यशाळा होती, यंत्रे होती आणि ती चालविणारे जाणकार होते. वर्गातील काम आटोपल्यावर ते कार्यशाळेत जात. यंत्र कसे चालते, बिघडते आणि दुरुस्त होते, हे हात काळे करून शिकत. फळ्यावर काढलेली आकृती आणि प्रत्यक्षातील लोखंड यांतील अंतर त्यांनी येथेच पार केले. पुढे कारखाना काढताना त्यांना जे ज्ञान उपयोगी पडले, त्याचा पाया पगारी नोकरीच्या काळातच घातला गेला होता.

दोन गावे, दोन भाऊ, एक धंदा

एकोणिसाव्या शतकाची शेवटची पंधरा वर्षे जगभर सायकलच्या भरभराटीची होती. इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी १८८५ मध्ये दोन्ही चाके समान आकाराची, साखळीवर चालणारी सायकल बाजारात आणली. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले. त्यामुळे आधीची उंच, धोकादायक आणि हाडे खिळखिळी करणारी सायकल मागे पडून सर्वसामान्य माणसाला बसता येईल असे वाहन तयार झाले. मुंबईच्या रस्त्यांवर साहेब लोक आणि श्रीमंत मंडळी सायकली फिरवू लागली. यंत्राची ओढ असलेल्या लक्ष्मणरावांच्या नजरेतून ही नवलाई सुटणे शक्य नव्हते.

लक्ष्मणराव मुंबईत होते, तर रामूअण्णा बेळगावात. या दुराव्यातूनच धंद्याची कल्पना आकाराला आली. सायकली समुद्रमार्गे परदेशातून मुंबईत उतरत. लक्ष्मणरावांनी मुंबईत सायकल पारखून खरेदी करावी आणि बेळगावला पाठवावी, रामूअण्णांनी ती तेथे विकावी, अशी कामाची वाटणी ठरली. दुकानावर किर्लोस्कर बंधूंचे नाव लागले. किर्लोस्कर उद्योगसमूह आपली स्थापना १८८८ सालची मानतो, तो या सायकलींच्या व्यवसायापासूनच. ज्या रस्त्यावर हे दुकान होते, तो बेळगावातील रस्ता किर्लोस्कर रोड या नावाने ओळखला जातो.

हा धंदा वरवर दिसतो तेवढा सोपा नव्हता. बेळगावसारख्या गावात सायकल ही चैनीची वस्तू होती. ती परवडणारे गिऱ्हाईक मोजके आणि त्यातही सायकल चालविता येणारे त्याहून मोजके. ज्याला वाहन चालविता येत नाही, तो ते विकत कशाला घेईल? तेव्हा रामूअण्णांनी सायकल विकण्याबरोबर ती चालविण्यास शिकविण्याचे कामही अंगावर घेतले. पुन्हा नवी सायकल बिघडली, तर दुरुस्त करणारा कारागीर गावात नव्हता. ती सोयही दुकानातच झाली. विक्री, शिकवणी आणि दुरुस्ती अशा तीन अंगांनी दुकान चालू लागले. यांतील दुरुस्तीच्या कामाने बंधूंना अवजारे हाताळण्याची आणि सुटे भाग ओळखण्याची सवय लावली. पुढील कारखान्याचे बीज या दुरुस्तीच्या कामात होते.

या व्यवस्थेचे मर्म नीट समजून घेण्यासारखे आहे. मुंबईतील पगार नियमित येत होता. त्यामुळे बेळगावच्या दुकानाला पहिल्याच महिन्यापासून संपूर्ण कुटुंब पोसण्याची सक्ती नव्हती. धंद्याला हळूहळू वाढण्यासाठी जो अवधी लागतो, तो पगाराने मिळवून दिला. दुसरीकडे, नोकरीत गुंतलेल्या माणसाला दुकानात दिवसभर बसणे शक्य नव्हते. ती उणीव रामूअण्णांनी भरून काढली. किर्लोस्करांचा जोडधंदा एका माणसाच्या उरल्यासुरल्या वेळावर उभा राहिलेला नाही. तो दोघा भावांच्या परस्परविश्वासावर उभा राहिला. लक्ष्मणरावांचे नाव सर्वतोमुखी झाले. रामूअण्णांचे तितके झाले नाही. परंतु शिक्षणाच्या खर्चापासून दुकानाच्या गल्ल्यापर्यंत त्यांचा हात नसता, तर तंत्रशाळेतील मास्तर बहुधा मास्तरच राहिला असता.

डावलले जाणे आणि राजीनामा

तंत्रशाळेत काही वर्षे निष्ठेने काम केल्यावर लक्ष्मणरावांना बढतीची अपेक्षा होती. ती जागा आपल्या हक्काची आहे, असे त्यांना वाटत होते. प्रत्यक्षात ती एका अँग्लो इंडियन गृहस्थाला मिळाली. त्या काळच्या सरकारी आणि निमसरकारी संस्थांत हे नवे नव्हते. गोऱ्या कातडीला किंवा तिच्याशी नाते सांगणाऱ्याला वरची जागा आणि एतद्देशीयाला त्याच्या हाताखालची, हा अलिखित नियमच होता. बहुतेक जण हा अपमान गिळून पुढील बढतीची वाट पाहत. घरी चूल पेटायची असेल, तर दुसरा उपायही नसे.

लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला निघून आले. हा निर्णय स्वाभिमानाचा होता, यात शंका नाही. मात्र, स्वाभिमान त्या संस्थेतील इतर एतद्देशीय कर्मचाऱ्यांनाही असणारच. फरक एवढाच, की लक्ष्मणरावांना जाण्यासाठी एक जागा होती. बेळगावात स्वतःच्या नावाचे दुकान होते, बाजारात पत होती आणि वाट पाहणारा भाऊ होता. सायकलींच्या धंद्याने त्यांना किती रुपये मिळवून दिले, याहून त्याने त्यांना नकार देण्याची ताकद दिली, ही गोष्ट अधिक मोलाची ठरली. जोडउत्पन्नाचा खरा उपयोग अशा एखाद्याच दिवशी होतो. परंतु त्या दिवसासाठी कित्येक वर्षे आधीपासून तयारी करावी लागते.

त्याच सुमारास अमेरिकेतही असेच प्रयोग चालू होते. डेट्रॉइट शहरात वीज कंपनीत अभियंता म्हणून नोकरी करणाऱ्या हेन्री फोर्ड यांनी रिकाम्या वेळेत खपून १८९६ मध्ये आपली पहिली चारचाकी गाडी तयार केली आणि १८९९ मध्ये नोकरी सोडली. डेटन येथील राइट बंधूंनी १८९२ मध्ये सायकलचे दुकान काढले आणि त्याच्या नफ्यातून विमानाचे प्रयोग केले. त्यांचे विमान १९०३ मध्ये आकाशात झेपावले. त्याच १९०३ साली बेळगावात किर्लोस्करांचा पहिला लोखंडी नांगर तयार झाला. दोन भाऊ, सायकलचे दुकान आणि त्यातून उभे राहिलेले यंत्र, हे साम्य मोठे विलक्षण आहे.

सायकलीकडून नांगराकडे

नोकरी सुटली आणि कसोटीचा खरा काळ सुरू झाला. इतरांनी बनविलेला माल विकण्यात लक्ष्मणरावांना समाधान नव्हते. आपण स्वतः काही तरी बनवावे, अशी त्यांची धारणा होती. भोवताली शेती होती आणि शेतकऱ्याची अवजारे शेकडो वर्षे बदलली नव्हती. लक्ष्मणरावांनी आधी कडबा कापण्याचे यंत्र तयार केले. मराठवाड्यात घरोघरी ओळखीचे असलेले कडबाकुट्टी यंत्र ते हेच. जनावरांना अख्खा कडबा टाकला, की निम्मा पायदळी जातो. कापून घातला, की वाया जात नाही. हा हिशेब शेतकऱ्याला समजावून सांगावा लागला, तरी तो पटण्याजोगा होता.

लोखंडी नांगराची गोष्ट मात्र निराळी होती. लोखंडाच्या फाळाने जमीन नासते, तिला विषबाधा होते, अशी समजूत शेतकऱ्यांत खोलवर रुजली होती. पिढ्यान्‌पिढ्यांचा लाकडी नांगर सोडून हे नवे अवजार शेतात घालण्यास कोणी तयार होईना. पहिले नांगर विकण्यास दोन वर्षे लागली. पगाराची तारीख नसलेल्या माणसाच्या आयुष्यातील दोन वर्षे, ही काय चीज असते हे ज्याने धंदा केला आहे त्यालाच कळेल. लोखंड विकत आणायचे, ते ओतायचे, कारागिरांची मजुरी द्यायची आणि तयार नांगर दुकानात तसेच पडून पाहायचे, असा तो काळ होता.

अखेर नांगराची बाजू नांगरानेच मांडली. लोखंडी नांगराने जमीन खोल उलटते. हरळी आणि कुंद्यासारखे चिवट तण, जे लाकडी नांगराला दाद देत नाही, ते मुळासकट वर येते. ज्यांनी नांगर वापरला, त्यांच्या शेताकडे पाहून शेजारचे शेतकरी विचारणा करू लागले. तंत्रशाळेत एका वरिष्ठाच्या मर्जीवर बढती अवलंबून होती. येथे शेकडो शेतकऱ्यांच्या विश्वासावर पोट अवलंबून होते. स्वतंत्र धंदा म्हणजे कोणाचेच बंधन नाही, अशी अनेकांची समजूत असते. लक्ष्मणरावांच्या अनुभवाने तिला छेद दिला. एक मालक गेला आणि अनेक गिऱ्हाइके आली. मात्र या नव्या मालकांपुढे कातडीचा रंग चालत नसे. तेथे केवळ मालाचा दर्जा पाहिला जाई.

निवडुंगाच्या माळावर

नांगराला गिऱ्हाईक मिळू लागले आणि नवे संकट आले. बेळगावात ज्या जागेत कारखाना होता, ती जागा शहराच्या विस्तारासाठी हवी असल्याने नगरपालिकेने कारखाना हलविण्यास सांगितले. भट्टी, यंत्रे, माणसे आणि कुटुंबे घेऊन कोठे जायचे, हा प्रश्न होता. या वेळी औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीस धावून आले. लक्ष्मणरावांचा त्यांच्याशी परिचय होता. बाळासाहेबांनी आपल्या संस्थानात जागा देऊ केली आणि दहा हजार रुपयांचे कर्जही दिले. पुढे काच कारखानदारीत नाव कमावलेल्या ओगले बंधूंनाही याच संस्थानाने आश्रय दिला, यावरून या राजाची दृष्टी कळते.

मिळालेली जागा म्हणजे कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळचा ३२ एकरांचा ओसाड माळ. निवडुंगाचे रान माजलेले, सापांचा सुळसुळाट आणि पाण्याची वानवा. १९१० साली सुमारे २५ कामगार आणि त्यांची कुटुंबे यांच्यासह लक्ष्मणराव या माळावर उतरले. निवडुंग तोडून कारखाना उभा राहिला आणि त्याच्याभोवती वसाहत वसली. हीच किर्लोस्करवाडी. रेल्वे स्थानकालाही पुढे हेच नाव मिळाले. जमशेदपूरच्या पाठोपाठ वसलेली भारतातील एक आद्य उद्योगनगरी म्हणून तिचा उल्लेख होतो. आज ती सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यात आहे. लातूरकरांना हा मुलूख अगदीच अपरिचित नाही. बार्शी लाइट रेल्वेने एके काळी लातूर मिरजेशी जोडले होते आणि २०१६ च्या भीषण टंचाईत लातूरची तहान भागविणारी रेल्वे मिरजेहूनच आली होती.

किर्लोस्करवाडीची माणसेही वैशिष्ट्यपूर्ण होती. रामूअण्णांनी वसाहतीची आखणी आणि व्यवस्था पाहिली. शंभोराव जांभेकर यांनी इंजिन आणि ओतकामाची बाजू सांभाळली. मंगेशराव रेगे यांनी हिशेब राखले. शिक्षण अर्धवट सोडलेल्या अनंतराव फळणीकरांची कल्पकता यंत्रांच्या रचनेत कामी आली. के. के. कुलकर्णी यांच्याकडे पदवी नव्हती. पण पडेल ते काम निभावण्याची हातोटी होती. दरोड्यासाठी शिक्षा भोगलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी कारखान्याचे पहारेकरी नेमले आणि त्यांनी तो विश्वास सार्थ केला. वसाहतीत अस्पृश्यता पाळण्यास बंदी होती. स्वतः जातीवर्णाच्या भेदापायी डावलला गेलेला माणूस आपल्या कारखान्यात माणसे कशी निवडतो, याचे उत्तर या यादीत मिळते.

लहान दुकानाचा मोठा वारसा

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. परदेशी मालाची आवक रोडावल्याने देशी नांगरांना मागणी वाढली. त्याच वेळी लोखंड आणि कोळसा मिळेनासा झाला. या दुहेरी परिस्थितीतून वाट काढीत कारखाना टिकला. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी म्हणून नोंदली गेली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी कारखान्याचे वार्तापत्र म्हणून सुरू केलेल्या प्रकाशनातून पुढे किर्लोस्कर हे मासिक आकारास आले आणि मराठी वाचकांच्या काही पिढ्या त्यावर वाढल्या. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून शिकून १९२६ मध्ये परतले. नांगरापाठोपाठ पंप आणि इंजिने आली. १९४६ मध्ये पुण्यात ऑइल इंजिनांचा आणि बंगळूरला विजेच्या मोटारींचा उद्योग उभा राहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. जन्मशताब्दीनिमित्त २० जून १९६९ रोजी टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

एवढा मोठा पसारा पाहिला, की सायकलचे ते छोटे दुकान विसरले जाते. परंतु आज जोडधंद्याचा विचार करणाऱ्या नोकरदाराने कारखान्याऐवजी त्या दुकानाकडेच अधिक बारकाईने पाहावे. नोकरीत असताना शिकून घेतलेले कसब, पगाराच्या आधारामुळे धंद्याला मिळालेला अवधी आणि घरातील विश्वासू माणसाची साथ, या तीन गोष्टींवर ते उभे होते. एका पगारात कसेबसे भागविणाऱ्या आणि पाठीशी रामूअण्णा नसलेल्या माणसाची वाट अर्थातच अधिक खडतर असते, हेही विसरता येत नाही.

काळ बदलला, तसे नियमही बदलले. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ नुसार पूर्वपरवानगीशिवाय खासगी व्यापार करता येत नाही आणि कुटुंबातील व्यक्ती व्यापार करीत असल्यास तशी माहिती द्यावी लागते. खासगी नोकरीत करारातील अटी पाहाव्या लागतात. जोडधंदा लपूनछपून करण्यापेक्षा रीतसर करणे केव्हाही हिताचे.

लक्ष्मणरावांच्या आयुष्यात नोकरी आणि धंदा हे एकमेकांचे वैरी नव्हते. नोकरीने विद्या आणि वेळ दिला, धंद्याने मान राखला. डावलले गेल्याचे शल्य घेऊन त्या तंत्रशाळेतून बाहेर पडताना लक्ष्मणरावांची पावले स्वतःच्या दुकानाकडे वळली होती. ज्याच्यापाशी असे एखादे दुकान आहे, मग ते कितीही लहान असो, त्याला मान खाली घालून नोकरी करावी लागत नाही.